दहा नंबरच्या पोट्ट्याला विंगवर पाठवण्याआधी

नागपुरातल्या फुटबॉल पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. लांबलचक आहे, पण सार एवढंच: अटॅकिंग मिडफिल्डर, म्हणजे गोल मारणाऱ्या स्ट्रायकरच्या मागे खेळून त्याला पास देणारा आपला दहा नंबर, आधुनिक फुटबॉलमधून हद्दपार झाला. या जागेवर त्याचंच नाव होतं जो सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबच्या अकादमीत असतो. तिशी उलटली की करिअर आटोपतं. स्काउट (क्लबसाठी खेळाडू हेरणारे) गोल बघतात, पास कोणी बघत नाही. आणि नागपूरच्या मुलाने तर या भानगडीत पडूच नये. शेवटी सल्ला दिला आहे: ‘आजच कोचला सांगा, मुलाला विंगर किंवा स्ट्रायकर करा.’ (विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने पुढे धावणारा.)

मी रेशीमबागेच्या ग्राउंडवर सकाळी मुलांना शिकवतो. हा मेसेज वाचून काही पालक खरोखर येऊन म्हणाले, ‘सर, आमच्या पोराला पुढे खेळवा, मध्ये ठेवू नका.’ त्यांचा दोष नाही. मेसेज ठाम आवाजात लिहिलेला आहे आणि त्यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा, ‘दहा नंबर संपला’.

यातलं खरं आधी मान्य करू. स्ट्रायकरच्या मागे उभं राहायचं, चेंडू आपल्याकडे येण्याची वाट बघायची, बचावाचं काम दुसऱ्यांवर सोडायचं, अशा दहा नंबरला आता वरच्या पातळीवर जागा नाही. अर्जेंटिनाचा रिकेल्मे हा त्या पद्धतीचा शेवटचा मोठा खेळाडू म्हणावा लागेल. समोरच्या संघांनी त्याच पट्ट्यात दोन-दोन बचावात्मक मिडफिल्डर बसवले. मग प्रेसिंग, म्हणजे चेंडू असणाऱ्यावर लगेच धावून जाणं, आलं आणि चेंडू पायाशी ठेवून विचार करायला वेळच उरला नाही.

पण माणूस संपला नाही, त्याचं काम वाढलं. 2017-18 च्या हंगामात मँचेस्टर सिटीने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 100 गुण मिळवले. त्या संघाच्या मिडफिल्डमध्ये केव्हिन डी ब्रॉयना आणि डेव्हिड सिल्व्हा एकत्र खेळत होते. दोघेही मुळात दहा नंबरच्या घडणीचे. प्रशिक्षक ग्वार्डिओलाने त्यांना दहा पावलं मागे घेतलं आणि पुढे जायची मोकळीक दिली. 2023-24 मध्ये लेव्हरकुसेनने एकही सामना न हरता जर्मनीची बुंडेसलीगा जिंकली, तेव्हा प्रशिक्षक झाबी अलोन्सोच्या रचनेत स्ट्रायकरच्या मागे एक नाही, दोन दहा नंबर होते. त्यातला फ्लोरियन विर्ट्झ त्या हंगामाचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी प्रशिक्षक अँचेलोटीने ज्यूड बेलिंगहॅमला रेआल माद्रिदमध्ये स्ट्रायकरच्या मागच्या जागेवर खेळवलं. त्याने स्पेनच्या ला लीगात 19 गोल केले आणि संघाने लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही घेतल्या. हे सगळं गेल्या काही वर्षांतलं आहे. संपलेल्या जागेवर असं काही घडत नसतं.

या खेळाडूचं काम नेमकं काय, हे जवळून बघायला हवं, कारण मेसेज लिहिणाऱ्याने ते बघितलेलं दिसत नाही. आपल्या स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूच्या) पायात चेंडू आहे. आपला दहा नंबर प्रतिस्पर्ध्यांच्या मिडफिल्ड आणि बचाव या दोन रांगांच्या मधल्या पट्टीत आहे. चेंडू निघण्याआधी तो एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघतो, चेंडू वाटेत असताना एकदा डाव्या. मग शरीर तिरकं ठेवून मागच्या पायावर चेंडू घेतो. म्हणजे पहिल्या टचलाच त्याचं तोंड गोलकडे झालेलं असतं. याला आम्ही हाफ टर्न म्हणतो. मागे न बघता चेंडू घेतलेला मुलगा गोलकडे पाठ करून अडकतो, पाठीवर समोरच्यांचा स्टॉपर येऊन बसतो आणि चेंडू परत मागे जातो. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्देट यांनी प्रीमियर लीगच्या मिडफिल्डरांच्या चित्रफिती तपासल्या. चेंडू येण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पास जास्त बरोबर जातात, असं त्यांना दिसलं.

आपल्या मुरमाच्या ग्राउंडवर हे शिकणं अवघड आहे, हे मला रोज दिसतं. चेंडू कुठे उडेल याचा नेम नसतो, त्यामुळे पोट्ट्यांची नजर चेंडूवरून हटत नाही. पण जो मुलगा अशा मैदानावर मान वर ठेवायला शिकतो, त्याचा पहिला टच हिरवळीवर कमालीचा मऊ होतो. अशी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सापडतात. त्यांनाच मेसेजमुळे मधून काढून कडेला पाठवायचं, हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा वयाचा: सोळाव्या वर्षी मोठ्या अकादमीत नसलात तर संपलं.

मार्टिन ओडेगार्डचं उदाहरण घेऊ, कारण वरवर पाहता ते मेसेजच्या बाजूने आहे. 2014 मध्ये पंधराव्या वर्षी तो नॉर्वेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला आणि सोळाव्या वर्षी, जानेवारी 2015 मध्ये, रेआल माद्रिदने त्याला घेतलं. याहून लवकर आणि याहून मोठं काय हवं? पुढची सहा वर्षं मात्र तो आधी माद्रिदचा राखीव संघ, मग हिरनव्हेन, व्हितेस, रेआल सोसिएदाद इथे लोनवर (दुसऱ्या क्लबकडे उसना) असा फिरत राहिला. त्याची खरी जागा त्याला आर्सेनलमध्ये मिळाली, 2021 मध्ये, बावीस वर्षांचा असताना. पुढच्या वर्षी तो कर्णधार झाला. आज आर्सेनलचं प्रेसिंग बहुतेक वेळा त्याच्यापासून सुरू होतं. सोळाव्या वर्षाने त्याला प्रसिद्धी दिली, पण खेळाडू तो त्या तीन लोनमध्ये घडला.

उलट बाजूला ब्रुनो फर्नांडिस आहे. पोर्तुगालमधून सतराव्या वर्षी निघाला तो इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या नोव्हारामध्ये. मग उदिनेसे, सांपदोरिया, परत पोर्तुगालला स्पोर्टिंग, आणि मँचेस्टर युनायटेडमध्ये आला 2020 च्या जानेवारीत, पंचविसाव्या वर्षी. डी ब्रॉयनाला चेल्सीने 2012 मध्ये घेतलं, लीगमध्ये जेमतेम तीन सामने दिले आणि 2014 च्या जानेवारीत वोल्फ्सबुर्गला विकून टाकलं. त्याच डी ब्रॉयनाने पुढे सिटीकडून सहा वेळा प्रीमियर लीग जिंकली आणि 2019-20 मध्ये एका हंगामात 20 असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) देऊन थिएरी हेन्रीच्या विक्रमाशी बरोबरी केली. लुका मॉड्रिचला लहानपणी क्रोएशियाच्या हायदुक स्प्लिट क्लबने किरकोळ अंगकाठीचा म्हणून नाकारलं होतं. अठराव्या वर्षी तो बोस्नियाच्या लीगमध्ये लोनवर खेळत होता. तिथली लीग धसमुसळी आणि मैदानं खराब. आपल्याकडच्या पोरांना ती ओळखीची वाटली असती.

अमेरिकेच्या फ्रेडी अडूने 2003 मध्ये चौदाव्या वर्षी व्यावसायिक करार केला आणि नंतर अनेक देशांतले क्लब बदलत राहिला. दुर्दैवाने त्याचं नाव आज तेवढ्यासाठीच घेतलं जातं.

अटॅकिंग मिडफिल्डर उशिरा पिकतो, याला कारण आहे. विंगरचा वेग सतराव्या वर्षीही दिसतो. मधल्या माणसाला मात्र अकरा विरोधकांची हालचाल वाचावी लागते, आणि ती वाचायची सवय सामने खेळून खेळूनच लागते. म्हणून या जागेच्या मुलाला पंधराव्या वर्षी निकालात काढणं सगळ्यात मोठी घाई आहे.

तिशीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. मॉड्रिच तेहतिसाव्या वर्षी, 2018 मध्ये, बालाँ दॉर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकला. कोलंबियाचा खामेस रॉड्रिगेझ 2024 च्या कोपा अमेरिकेत स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, अंतिम सामन्याच्या दोनच दिवस आधी त्याला तेहतीस पूर्ण झाली होती. इटलीचा आंद्रेआ पिर्लो दहा नंबर म्हणूनच वर आला. 2001 मध्ये ब्रेशिया क्लबमध्ये ती जागा रॉबर्टो बॅज्जियोची होती, म्हणून प्रशिक्षक मात्सोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढे आणून खेळवलं, आणि तिथून त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. वेग कमी झाला की विंगरला जायला जागा कमी असते. ज्याला खेळ दिसतो तो मागे सरकून आणखी काही वर्षं खेळतो. मेसेज जो सल्ला देतो तो या बाबतीत तर नेमका उलटा आहे.

आता ‘स्काउट गोल बघतात’ हा मुद्दा. हा आपल्या गावाच्या अगदी जवळचा आहे, म्हणून थोडं थांबतो.

असिस्टचा आकडा अर्धा दुसऱ्याच्या पायात असतो. तुम्ही स्टॉपर आणि बॅकच्या मधून थ्रू पास दिला आणि स्ट्रायकरने बाहेर मारला, तर तुमच्या नावावर काहीच लागत नाही. म्हणूनच आता व्यावसायिक क्लब गोल-असिस्टपलीकडे जाऊन किती संधी निर्माण केल्या, किती पास विरोधी रांगा ओलांडून गेले, दडपणाखाली चेंडू किती वेळा टिकवला, हे मोजतात. तेव्हा ‘पास कोणी बघत नाही’ हे विधान चुकीचं आहे.

पण आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये पास दिसत नाही, हे खरं आहे. सेव्हन-अ-साइड, छोटा वेळ, बाद पद्धत, बक्षिसाची रोख रक्कम. हरलं की घरी. अशा सामन्यात कोच काय सांगतो? ‘मार लांब!’ गोलकीपर चेंडू उचलून पुढे मारतो, मधला पट्टा चेंडू डोक्यावरून जाताना बघत राहतो, आणि बाहेर उभ्या बापाला वाटतं आपला पोरगा काहीच करत नाही. मुलाची जागा चुकीची नसते, सामन्याची रचना त्याला खेळूच देत नाही. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनने 2018 पासून गोल्डन बेबी लीग सुरू केल्या त्या याच विचाराने: लहान मैदान, कमी खेळाडू, प्रत्येकाला भरपूर टच, आणि बाद होण्याऐवजी लीग. मुलाची जागा बदलायची मागणी करण्याऐवजी पालकांनी एकत्र येऊन अशा लीगची मागणी आयोजकांकडे करावी, असं मी कळकळीने म्हणेन.

शेवटचा मुद्दा नागपूरचा. इथे मी खोटं चित्र रंगवणार नाही.

नागपूरला आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, संघ नाही. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाल्यापासून महाराष्ट्रात त्या लीगचा एकच संघ आहे, मुंबई सिटी. आयएसएलमध्ये दहा नंबरची जागा बऱ्याचदा परदेशी खेळाडूला जाते. 2021-22 पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात, त्यामुळे थोडा फरक पडला, एवढंच. 2025 मध्ये तर फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आल्याने हंगामच अडकून पडला. क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतंत्र संघटना आहे आणि तिने तीन वेळा रणजी करंडक आणला. फुटबॉलमध्ये तसं नाही. राज्यांच्या संघांमधल्या संतोष ट्रॉफीसाठी आपल्या मुलाला महाराष्ट्राच्या निवडीत मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या मुलांशी स्पर्धा करावी लागते, तीही एक रात्र प्रवास करून.

या अडचणी विंगरला आणि स्ट्रायकरलाही तितक्याच लागू आहेत. त्यामुळे दहा नंबर सोडून दिल्याने त्यातली एकही कमी होत नाही. गोल करायच्या जागांवरही आयएसएलचे क्लब परदेशी खेळाडूंनाच आधी बघतात.

आणि नागपूर म्हणजे फुटबॉलचं वाळवंट, असं लिहिणाऱ्याने कामठीला एक संध्याकाळ काढावी. छावणीच्या त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला जातो. कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव इथल्या कोणत्याही जुन्या खेळाडूला विचारा. रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांच्या संघांतून खेळाडू कोट्यातल्या नोकऱ्या अनेक घरांना लागल्या आहेत. विजय बारसे सरांनी 2001 मध्ये याच शहरात झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या स्लम सॉकरला 2016 मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. हे करोडोंचे करार नाहीत, मान्य आहे. पण खेळाडूचं आयुष्य फक्त करोडोंच्या करारावरच उभं राहतं, हे त्या मेसेजने गृहीत धरलं आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकली. अख्ख्या मेसेजमध्ये फक्त ‘मुलगा’ आहे. 2021 ते 2025 या पाच वर्षांत महिलांचा बालाँ दॉर दरवर्षी बार्सिलोनाच्या मिडफिल्डरला मिळाला: दोनदा अलेक्सिया पुतेयास, तीनदा ऐताना बोनमाती. आमच्या बॅचमध्ये मुली आहेत, आणि मान वर ठेवून खेळण्यात त्या मुलांपेक्षा मागे नाहीत.

मला भेटलेल्या पालकांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. चौदा वर्षांखालच्या पोट्ट्याची जागा पक्की करूच नका, कोणतीही. महिनाभर दहा नंबर, महिनाभर बचावफळीच्या पुढे, अधूनमधून विंगवरही खेळू द्या. कोचला गोल किती झाले ते विचारण्याआधी विचारा, चेंडू येण्याआधी हा मागे बघतो का, आणि मागच्या पायावर घेतो का. उत्तर ‘नाही’ आलं तर ते शिकवायला सांगा. मे महिन्यात आम्ही ऊन चढायच्या आत, पहाटे साडेपाचलाच सुरू करतो. स्वतः येऊन बघितलंत तरी चालेल.