लीग काढा, पण खेळाडूला कामगार करू नका

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, रायबाग, खानापूर, कुठंही मॅट अंथरा आणि कबड्डीची प्रीमियर लीग काढा. खबरदारी एकच, खेळाडू कामगार ठरता कामा नये. त्यामुळं पगार म्हणायचं नाही, ‘मानधन’ म्हणायचं. पगाराच्या मागोमाग पीएफ येतो. सराव तुमच्या वेळेला, जर्सी तुमची, परवानगीशिवाय गावच्या जत्रेतही खेळायला बंदी. तरी कागदावर तो ‘स्वतंत्र व्यावसायिक’. निपाणीकरांना ही युक्ती नवी नाही. विडीधंद्यात बाईला पान-तंबाखू विकला आणि विड्या विकत घेतल्या असं दाखवलं की ती कामगार उरत नसे, व्यापारी व्हायची! पुढं विडी कामगारांसाठी 1966 चा कायदा आला, 1974 ला सर्वोच्च न्यायालयानं तो उचलूनही धरला. असो, कबड्डीला अजून वेळ आहे.

करार इंग्रजीत करा, शिक्का कन्नडात, आश्वासन तेवढं मराठीत आणि तोंडी. उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून न्यायक्षेत्र बेंगळुरू लिहा. लवाद म्हणून अध्यक्षांचे मेहुणे बरे. मात्र 2019 पासून एका पक्षानं परस्पर नेमलेला एकटा लवाद सर्वोच्च न्यायालयात टिकत नाही, तेवढं वकिलाला विचारा. चढाईपटू सतराचा असेल तर त्याची सही घेऊच नका, अठराच्या आतल्याचा (कायद्याच्या भाषेत ‘अज्ञाना’चा) करार मुळातच रद्द.

‘हंगाम संपल्यावरही पहिला हक्क आमचाच’ हे कलम सगळ्यांना आवडतं. झहीर खान आणि त्याच्या व्यवस्थापन कंपनीच्या वादात 2006 ला नेमकं हेच कलम पडलं. 1872 च्या करार कायद्याचं, धंदा-व्यवसायाला अडवणारा करार रद्द ठरवणारं कलम 27 आडवं आलं. करार चालू असताना बांधून ठेवा, संपल्यावर दोर सुटतो.

अमेरिकेतले बेसबॉल मालक आपल्यापेक्षा हुशार. विचारल्याशिवाय दुसऱ्या संघाला दिलं म्हणून कर्ट फ्लड या खेळाडूनं दावा लावला. 1972 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात मालक 5-3 नं जिंकले. पण खेळाडूंच्या संघटनेशी केलेल्या करारात त्यांनी लवाद मान्य करून ठेवला होता. 1975 ला त्याच लवादानं खेळाडूंना मोकळं केलं. मालकांनी लवादाला तातडीनं काढलं, निकाल मात्र राहिला.

म्हणून संघटना मुळातच होऊ देऊ नका. नोंदणीचा अर्ज करायला सात जण पुरतात आणि कबड्डीत मॅटवर उतरतात तेही सातच, ही या खेळातली मोठी अडचण. जेवणाला निदान सहा-सहाच्या पंगती बसवा.