गाणं पुढे ढकलू नका

प्रेमाच्या सिनेमात गाणं सुरू झालं की बहुतेक घरांत एकच प्रकार होतो. कुणी पाणी प्यायला उठतं, कुणी फोन हातात घेतं आणि ज्याच्याकडे रिमोट असतो तो दहा-दहा सेकंदांच्या उड्या मारत थेट पुढचा संवाद गाठतो. मला याचा मनापासून त्रास होतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. चांगल्या प्रेमपटात प्रेम जमतं ते गाण्यातच. ते ओलांडून गेलात की आधी दोन अनोळखी माणसं दिसतात, मग एकदम एकमेकांवाचून न राहवणारी दोन माणसं दिसतात, आणि मधे जे घडलं ते बघायचंच राहून जातं. वर आपणच म्हणतो, "हे काय, एवढ्यात प्रेमात पडले पण?"

'चितचोर' (१९७६) घ्या. बासू चटर्जींचा सिनेमा, रवींद्र जैन यांचं संगीत. मधुपूरसारख्या लहान गावात विनोद येतो आणि मुंबईहून येणारा इंजिनियर तो हाच, असं गीताच्या घरचे धरून चालतात. अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांच्यात प्रेमाची कबुली वगैरे थाटाचं बोलणं फारसं नाहीच. जे आहे ते पेटीवर आहे. 'जब दीप जले आना' यमनमधलं गाणं. तो सूर सांगतो, ती त्याच्यामागून म्हणते. शिकवणी चालू आहे म्हणून घरात सगळ्यांदेखत शेजारी बसता येतं, आणि सुरांशिवाय दुसरं काही बोलायची गरजही पडत नाही. त्या काळातल्या मध्यमवर्गीय घरात दोघांना एकमेकांजवळ यायला याहून सभ्य वाट कुठली असणार होती? पुढे खरा इंजिनियर येतो तेव्हा गीताच्या जिवाची जी उलघाल होते, ती ही शिकवणी पाहिलेल्यालाच कळते. (याच सिनेमातल्या 'गोरी तेरा गाँव बड़ा प्यारा'साठी येसुदासना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. छोट्या दीपूचं काम करणाऱ्या मास्टर राजूलाही. त्या पोराला बघायला तरी गाणं थांबून बघा.)

'सैराट' (२०१६) थिएटरात पाहिलेल्यांना 'झिंगाट' आठवतं, लोक खुर्च्या सोडून नाचत होते. घरी तो अनुभव मिळणार नाही, हे मान्य. पण घरी, रात्री, कानाला इयरफोन लावून 'आताच बया का बावरलं' ऐका. अजय-अतुलनी या सिनेमासाठी वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वादकांकडून वाजवून घेतला होता. करमाळ्याकडचं रान, विहीर, उसाचे फड आणि त्यावर पसरलेली ती व्हायोलिन्स. पण मला हे गाणं त्याहून आवडतं ते आर्चीसाठी. आपल्याकडे बहुतेक गाण्यांत मुलगा बघतो आणि मुलगी लाजते. इथे मुलीला काय होतंय ते श्रेया घोषालच्या आवाजात ऐकू येतं, आणि ती मुलगी बुलेट चालवणारी आहे.

आणि या सिनेमाबद्दल पुरेसं न बोललं गेलेलं एक: चारही गाणी पूर्वार्धात आहेत. दोघं पळून हैदराबादला पोचतात, झोपडपट्टीत राहतात, कामं शोधतात, भांडतात, आणि तिथे एकही नवं गाणं नाही. शेवटाला तर सगळा आवाजच काढून घेतलाय. नागराज मंजुळेंनी गाणी काढून घेऊनच अर्धी गोष्ट सांगितलीय. पूर्वार्धातली गाणी ज्यांनी ढकलली, त्यांना उत्तरार्धात काय हरवलंय ते जाणवणार तरी कसं?

परदेशी सिनेमांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो डब्लिनमध्ये घडणारा 'वन्स'. अगदी थोड्या पैशांत केलेला. रस्त्यावर गिटार वाजवणारा तो आणि चेक प्रजासत्ताकातून आलेली ती, दोघांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत. वाद्यांच्या दुकानात ती पियानोवर बसते, तो तिला आपलं गाणं समजावतो, आणि दोघं ते पहिल्यांदाच एकत्र म्हणतात. आधी चाचपडत, मग धीर येत जातो. ग्लेन हॅन्सार्ड आणि मार्केटा इर्ग्लोवा हे दोघं खऱ्या आयुष्यातही संगीतकारच, त्यामुळे त्यात अभिनय कुठे संपतो ते सांगता येत नाही. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं, पण ते नसतं मिळालं तरी माझं मत हेच असतं. संपूर्ण सिनेमात दोघं एकमेकांना मिठीत घेऊन काही कबूल करत नाहीत. गाणं झालं तेवढंच त्यांचं.

'ला ला लँड' मला पूर्ण आवडला नाही. मधला बराच भाग लांबलाय. पण शेवटची ती काही मिनिटं, आयुष्य दुसरीकडे वळलं असतं तर काय झालं असतं हे संवादाशिवाय, नुसत्या संगीतावर दाखवणारी, त्यासाठी मी तो पुन्हा लावते. ते ज्यांना भावलं त्यांनी ज्याक देमीचा १९६४चा फ्रेंच सिनेमा जरूर बघावा, 'शेरबुर्गच्या छत्र्या'. त्यात एकही वाक्य साधं बोललेलं नाही. गॅरेजमधला मेकॅनिकसुद्धा गाडीबद्दल गाऊनच बोलतो. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटेल, धीर धरा. छत्र्यांच्या दुकानातली मुलगी, अल्जीरियाच्या युद्धावर पाठवलेला मुलगा आणि कित्येक वर्षांनी बर्फ पडत असताना पेट्रोल पंपावर झालेली भेट. मिशेल लग्राँची ती धून नंतर आठवडाभर डोक्यातून जात नाही.

सगळीच गाणी या लायकीची असतात असं नाही. गाणं संपल्यावर दोघं जिथे होते तिथेच असतील, फक्त मधे बर्फात कपडे बदलून आले असतील, तर खुशाल पुढे जा. आणि दीडपट वेगाने सिनेमे बघणाऱ्या तरुण मंडळींना हात जोडून सांगते, गाण्यापुरता तरी वेग पूर्ववत करा. ताल बिघडवून ऐकलेलं गाणं म्हणजे ऐकलंच नाही.

आता आपल्या घरातल्या ठेव्याबद्दल. 'जैत रे जैत' (१९७७) मी मागे घरी पाहिला. प्रत फिकट होती, तरी उठवलं नाही. जब्बार पटेलांनी गोष्ट सांगायचं कामच गाण्यांवर सोपवलंय. शब्द ना. धों. महानोरांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी 'मी रात टाकली, मी कात टाकली' म्हणते तेव्हा स्मिता पाटीलच्या चालण्यात जी मोकळीक येते, ती पानभर संवाद लिहूनही आली नसती. नाग्याला डोंगरावरचं मधमाश्यांचं पोळं उतरवायचंय, तिला नाग्या हवाय. दोघांच्या दोन वेगळ्या ओढी गाण्यागाण्यांतून शेजारी चालत राहतात.

म्हणूनच राग येतो तो गाणी लागली की सबटायटल्स गायब होतात याचा. संवादाची ओळन् ओळ भाषांतरित आणि गाण्याला नुसतं संगीताचं चिन्ह. मराठी न कळणारी मैत्रीण सोबत बसली असेल तर तिला चिंधी काय म्हणतेय ते मीच तोडकंमोडकं सांगायचं का? महानोरांचे शब्द दुसऱ्या भाषेत नेणं अवघड आहे, ठाऊक आहे. तरी कुणीतरी ते काम नीट पैसे देऊन, कवितेची जाण असणाऱ्याकडून करून घ्यायला हवं. तुमच्यापैकी कुणी असं काम करत असेल तर खाली लिहा, मला बोलायचंय.