आजोबांच्या अकरा सह्या

आजोबांच्या कागदांच्या गठ्ठ्यात मला त्यांच्या अकरा सह्या सापडल्या. पहिली शाळेच्या वहीवरची, शेवटची बँकेच्या अर्जावरची, आणि दोहोंमध्ये जवळजवळ साठ वर्षांचे अंतर. तारखांप्रमाणे त्या एकाखाली एक मांडल्या, तेव्हा कित्येक दिवस मनात घोळत असलेले एक मत पक्के झाले. पूर्वजांच्या अक्षरावरून त्यांचा स्वभाव ओळखण्याचा नाद आपण सोडून द्यावा, असे मला वाटते. कारण त्या नादापायी अक्षर जे खरोखर सांगत असते, ते ऐकायचेच राहून जाते.

सही वर चढत गेली की माणूस महत्त्वाकांक्षी, अक्षर बारीक असले की चिक्कू, सहीखाली रेघ ओढली की आत्मविश्वास दांडगा, अशी विधाने आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. या प्रकाराला ‘ग्राफॉलॉजी’ हे नाव एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील जाँ-इपोलित मिशाँ या धर्मगुरूंनी रूढ केले. शास्त्रीय कसोट्यांवर मात्र त्यातील स्वभावकथन टिकलेले नाही. न्यायालयात साक्ष देणाऱ्या हस्ताक्षरतज्ज्ञाचे काम वेगळे आहे. दोन लेखने एकाच हातची आहेत की नाहीत, एवढेच तो तपासतो. एखाद्या पणजीला तिच्या बारीक अक्षरावरून कंजूष ठरवणे मला तर सरळ अन्याय वाटतो. कागद महाग होता म्हणून ती दाटीवाटीने लिहीत असेल, आणि हे सांगायला ती आता येऊ शकत नाही.

मग अक्षर सांगते तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे माणूस कोणत्या काळी आणि कोणत्या पद्धतीने लिहायला शिकला. जर्मनीचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. लुडविग झ्युटरलीन यांनी तयार केलेले वळण प्रशियाच्या शाळांत १९१५ पासून शिकवले जाऊ लागले आणि १९४१ मध्ये नाझी राजवटीने ते शाळांतून हद्दपार केले. एखाद्या घरातील आजीची पत्रे त्या वळणात असतील, तर तिच्या शाळेची वर्षे साधारण कोणती, याचा अंदाज त्या पत्रांवरूनच बांधता येतो. तिच्याच नातवंडांना ती पत्रे वाचता येत नाहीत, ही त्याच कथेची दुसरी बाजू. अक्षराचे वळण बहुतांशी गुरुजींकडून आलेले असते आणि लिहिणाऱ्याचे स्वतःचे त्यात नंतर, हळूहळू मिसळते.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीर. जुलै १७९७ मध्ये तेनेरीफच्या लढाईत ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचा उजवा हात गेला आणि काही दिवसांतच तो डाव्या हाताने पत्रे लिहू लागला. आधीची आणि नंतरची पत्रे शेजारी ठेवली की फरक कोणाच्याही लक्षात येतो. इंग्लंडची संसद उडवून देण्याच्या कटात पकडलेल्या गाय फॉक्सच्या नोव्हेंबर १६०५ मधील कबुलीजबाबांवरील सह्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांतील छळानंतरची ‘गिडो’ (‘गाय’चेच दुसरे रूप) ही पुसट सही पाहताना अंगावर काटा येतो. सामान्य घरांतही हे दिसते. कंपवाताच्या रुग्णाचे अक्षर ओळीच्या शेवटाकडे लहान लहान होत जाऊ शकते, आणि कधी कधी ही खूण रोगाचे निदान होण्याच्याही आधीच्या कागदांत सापडते. मात्र त्यासाठी एक सही पुरत नाही. थंडीत, घाईत, उभ्याने किंवा बोथट टाकाने केलेली एकच सही हाती असेल आणि तिच्यावरून आपण आजार ठरवू लागलो, तर आपणही स्वभाव सांगणाऱ्यांच्याच पंगतीला जाऊन बसलो.

सर्वाधिक गैरसमज आहे तो सही न करणाऱ्यांविषयी. ‘अंगठाछाप’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! सही आणि फुली मोजून साक्षरता ठरवण्याची पद्धत इतिहासकारांनीही वापरली आहे. फ्रान्समध्ये लुई माज्जिओलो या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने १८७७ पासून सुमारे १६,००० शिक्षकांकडून जुन्या विवाहनोंदींतील सह्या मोजून घेतल्या. १६८६ ते १६९० या काळात २९ टक्के पुरुषांनी आणि १४ टक्के स्त्रियांनी सही केली होती. १७८६ ते १७९० या काळात हेच प्रमाण ४७ आणि २७ टक्के झाले. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्यानंतर वधूवरांनी विवाहनोंदीवर सही किंवा खूण करणे बंधनकारक झाले, त्यामुळे तेथेही असाच साठा तयार झाला. समाजाचा कल समजायला हे आकडे उपयोगी आहेत, पण एका माणसाविषयी निकाल द्यायला ते अपुरे आहेत. युरोपात कित्येक काळ मुलांना आधी वाचन शिकवत आणि लेखन नंतर. तेवढ्यात शाळा सुटली, तर वाचता येणारा माणूसही आयुष्यभर फुलीच काढत राही. नवऱ्याने फुली काढली म्हणून लिहिता येणाऱ्या बायकोनेही फुलीच काढली, आणि आधी सही करणाऱ्या माणसाने मृत्युपत्रावर अंथरुणातून नुसती खूण केली, असेही घडलेले आहे. शेक्सपिअरचे वडील जॉन यांनी स्ट्रॅटफर्डच्या नगरसंस्थेचे हिशेब सांभाळले, १५६८ मध्ये ते तेथील बेलिफ, म्हणजे नगराध्यक्षासारखे प्रमुख, झाले, आणि तरीही कागदांवर त्यांची खूणच आढळते. काही ठिकाणी तर ती हातमोजे बनवण्याच्या त्यांच्या धंद्यातील कंपासाची आकृती आहे. त्या खुणेत एका माणसाचा सबंध व्यवसाय दिसतो.

अंगठ्याच्या ठशाचा तर अर्थच काळानुसार उलटला. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला, तो पुढे त्याला करार नाकारता येऊ नये म्हणून. ठशाची ही ताकद पुढे साऱ्या जगाने मान्य केली, आणि तरीही अंगठा देणाऱ्याच्या वाट्याला हिणवणेच आले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे: आपण जिला पणजोबांची सही समजतो, ती पुष्कळदा एखाद्या कारकुनाची असते. नोंदवहीत उतरवून घेतलेली मृत्युपत्रे, दाखल्यांच्या नकला, जनगणनेच्या याद्या यांत नाव असते, हात दुसऱ्याचाच असतो. वरपासून खालपर्यंत सगळ्या सह्या एकाच वळणाच्या दिसल्या की समजावे, ही नक्कल आहे, आणि मूळ कागद शोधावा. इंग्लंडच्या १९११ च्या जनगणनेचे महत्त्व यातच आहे, कारण कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले तक्ते तिच्यापासून जपून ठेवले गेले. उलट बाजूने, हात ओळखता आला तर शतकांनंतरही शोध लागतो. लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयातील, टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या भाषांतराचे एक हस्तलिखित सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे, पण त्यावरील दुरुस्त्यांचे गिचमिड अक्षर पहिल्या एलिझाबेथ राणीचे असल्याचे २०१९ मध्ये एका अभ्यासकाने दाखवून दिले. सुंदर अक्षर ही लेखनिकाची गरज होती. राणीचे कसेही असले तरी ते वाचणे इतरांना भागच होते.

आजोबांच्या अकरा सह्यांकडे मी आता याच नजरेने पाहतो. पहिल्या तीनांत पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटे, शाळेत गिरवलेले. नोकरी लागल्यानंतरच्या सह्यांत नाव आक्रसत गेले आहे, कारण दिवसाला शेकडो कागदांवर सही करणाऱ्याला पूर्ण नाव परवडत नाही. नववीत आडनावाची शेवटची मात्रा थरथरली आहे, दहावीत सगळेच अक्षर. अकरावीत ते पुन्हा पूर्ण नावाकडे वळले आहेत, एकेक अक्षर सुटे लिहून, आणि सही सरळ यावी म्हणून कोणीतरी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ आखून दिलेली आहे. ती रेघ आजीची असावी, असे मला वाटते. तिच्या हातची दुसरी एकही खूण त्या गठ्ठ्यात नाही.