सात वेढे

सकाळी फोन बघितला तर सोसायटीच्या ग्रुपवर १४० मेसेज. म्हटलं पाणी गेलं किंवा लिफ्ट अडकली. तर नाही, काल रात्री बी विंगच्या पार्किंगमध्ये नववीतल्या एका पोराकडे व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, सापडलं. ते वापरून फेकून द्यायचं असतं ना, डिस्पोजेबल, हायलायटर पेनाएवढं, पिवळं धमक आणि वर आंब्याचं चित्र. मग काय, संस्कार झाले, मोबाईल झाला, आईबाप दोघंही नोकरीला झालं, पोलिसात द्या पण झालं. आणि सगळ्यात तावातावाने कोण लिहितंय तर आमचे कमिटीवाले काका, जे रोज रात्री साडेदहाला जनरेटरच्या मागे उभे राहून सिगरेट ओढतात आणि थोटूक कुंडीत खुपसतात. कुंडी माझ्या आईची आहे. गवती चहाची.

वर कहर म्हणजे तेच काका नऊ वाजता ती नळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या दारात हजर. "तुम्हाला यातलं कळतं ना, जरा बघा काय भानगड आहे." टोमणाही मारून झाला आणि काम पण गळ्यात मारून झालं.

कळतं मला यातलं. २०१८ पासून वर्षभर मी हे केलंय आणि बाल्कनीत उभं राहून केलंय, जनरेटरच्या मागे नाही.

तेव्हा मी दिवसाला चौदा-पंधरा सिगरेटी ओढायचो. हिंजवडीला ऑफिस, दर तासाला चहा-सुट्टा, तुमच्यातले निम्मे त्या टपरीवर माझ्याबरोबरच असायचात, नावं घेत नाही. एक मित्र इंग्लंडहून आला, त्याने मला एक आरटीए आणून दिला. रिबिल्डेबल टँक अ‍ॅटोमायझर. नाव भारदस्त, वस्तू साधी. काचेची एक इवलीशी टाकी, तिच्या आत स्टीलचा डेक, डेकवर दोन खांब, खांबांना स्क्रू. तयार कॉइल त्यात बसतच नाही. आपण वायरचे वेढे घालायचे, दोन्ही टोकं स्क्रूखाली कसायची, कॉइलमधून कापूस ओवायचा, टाकीत लिक्विड भरायचं. बॅटरीने कॉइल तापते, कापसाने ओढलेल्या लिक्विडची वाफ होते. गीझरचा धाकटा भाऊ समजा.

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर पसारा मांडून बसलो. कंथाल नावाची वायर असते, लोखंड-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमची, ती स्क्रूड्रायव्हरवर गुंडाळतोय आणि ती स्प्रिंगसारखी उसळून परत सुटतेय. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला उठले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाबांचं धायरीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. बत्तीस वर्षं. जळालेल्या पंपाच्या मोटरी उघडायच्या, जुनं वाइंडिंग तोडायचं, नवीन भरायचं, वार्निश मारायचं. त्या वार्निशचा वास आमच्या घरातल्या टॉवेलांना पण यायचा.

"काय आहे हे?"

"ऑफिसचं काम. हीटर आहे छोटा." पस्तिशीला आलेला माणूस बापाशी खोटं बोलतोय, आणि तेही सिगरेट सोडण्यासाठी.

बाबांनी चष्मा लावला. "हीटर आहे तर वेढे असे का? एक पुण्याला एक साताऱ्याला. जिथे चिकटलेत तिथे लाल होणार, जिथे लांब पडलेत तिथे गार राहणार. गिऱ्हाईकाने परत आणून डोक्यात घातली असती." मग आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आले, त्यातून ३ एमएमचं ड्रिल बिट काढलं, वायरीचं एक टोक अंगठ्याखाली दाबलं आणि बिट फिरवत सात वेढे घातले. एकाला एक चिकटून. सातच. वायर हलली नाही, हात हलला नाही. हे करता करता वायरीची जाडी मोजायची त्यांची गेज प्लेट काढून वायर तपासली पण. "पाकिटावर २६ लिहिलंय. ही २६ नाही, सत्तावीसच्या जवळ आहे. फसवलं तुला." नंतर नेटवर बघितलं तर पाकिटावरचा गेज अमेरिकन आणि बाबांची प्लेट ब्रिटिश मापाची, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण अख्ख्या घरात ते माप पकडणारा माणूस एकच.

मग मीटर, वायरीचा रोध मोजायला. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावल्या, ०.३ ओहम दाखवलं. मग कॉइलला लावल्या, १.२. "म्हणजे तुझी ०.९. मीटरच्या वायरींचं वजा करायचं असतं, शिकवलं नाही का कॉलेजात?" नाही शिकवलं बाबा. किंवा शिकवलं असेल, मी टपरीवर असेन.

खांबात कसून बटण दाबलं तर आधी एकच कडेचा वेढा लाल. चिमट्याने हलकेच दाबून, दोन-तीनदा बटण दाबून-सोडून, मग कॉइल मधोमध पेटली आणि लाली दोन्ही बाजूंना सारखी पसरत गेली. बाबा म्हणाले, "हं." बाबांचं "हं" म्हणजे काय ते आमच्या घरी विचारा. मला दहावीला पण मिळालं नव्हतं.

पुढची सगळी फजिती माझी एकट्याची. कापूस ठासून भरला, लिक्विड वर चढेचना, पहिल्याच झुरक्याला जळक्या गोधडीचा धूर थेट घशात. मग कापूस कमी घातला तर हवेच्या भोकांतून टाकी गळाली, कंपनीच्या बसमध्ये, शर्टाच्या खिशात. दिवसभर माझ्या अंगाला स्ट्रॉबेरी जेलीचा वास. भरताना हवेची भोकं बंद करायची असतात हे मला तिसऱ्या शर्टाला कळलं.

पण ऐका, मुद्दा इथेच आहे आणि तो ग्रुपवर कुणाच्या डोक्यात शिरणार नाही. ही कटकट होती म्हणून माझी सिगरेट सुटली. दर चार-पाच दिवसांनी कापूस बदला, कॉइल जाळून साफ करा, टाकी धुवा, बॅटरी चार्ज करा. एखादी गोष्ट विसरलो की वाफ नाही. आणि टपरीवर काय लागतं? हात पुढे करायचा. लायटर सुद्धा दोरीने टांगलेला असतो, खिशात बाळगायचेही कष्ट नाहीत. मी मुळात आळशी माणूस. दर वेळी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसावं लागलं की आपण नक्की काय करतोय हे डोळ्यासमोर येतं. मिलीलिटरला १२ मिलिग्रॅम निकोटीनचं लिक्विड ६ वर आणलं, मग ३ वर. चार महिन्यांत सिगरेट शून्य. जिना चढताना आई म्हणाली, आज तू थांबला नाहीस रे दुसऱ्या मजल्यावर.

हो, वाफ म्हणजे काही गवती चहाचा काढा नव्हता. निकोटीन ते निकोटीनच आणि फुफ्फुसांना हवेशिवाय दुसरं काहीच नको असतं. मान्य. पुढे.

बाबांना पंधरा दिवसांत कळलंच. "हा कसला हीटर, जेलीच्या वासाचा?" सांगितलं सगळं. ते काहीच बोलले नाहीत, चंची काढली, तळहातावर तंबाखू-चुना मळला, बार भरला आणि मग म्हणाले, "तुझी फुफ्फुसं, माझी दाढ. दोघं सारखेच येडे." आणि तरी पुढच्या प्रत्येक कॉइलला त्यांनीच वेढे घातले. मला घालू द्यायचे नाहीत.

मग १८ सप्टेंबर २०१९. ई-सिगरेटबंदीचा अध्यादेश आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात, साठा, सगळं बंद. विकताना पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साठा केलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (म्हणजे आत्ता ती पिशवी माझ्या टेबलावर आहे तर गुन्हेगार कोण? काका की मी?) माझं लिक्विड नोव्हेंबरमध्ये संपलं. आणि मी काय केलं ते लिहायला लाज वाटते पण लिहितो. त्याच संध्याकाळी टपरीवर गेलो आणि हात पुढे केला. वय विचारलं नाही, बिल नाही, कायदा नाही. दहा सेकंद. पुढे लॉकडाऊनमध्ये टपऱ्या बंद झाल्या तेव्हा परत सुटली, त्यात माझं कर्तृत्व काही नाही, शटर खाली होतं म्हणून सुटली. अजूनही महिन्यातून एखादी होते. हे बायको वाचणार आहे, ठीक आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगरेट आणि बिडी विकायला बंदी घातली, लक्षात आहे कुणाला? नसेलच. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही हा कायदा तर २००३ चा. जा आणि कुठल्याही कॉलेजच्या गेटवर उभं राहून पावलं मोजा. गुटखाबंदी २०१२ ची, आणि आमच्या लिफ्टचा कोपरा बघा कुठल्या रंगाचा आहे. आपल्याकडे बंदी म्हणजे वस्तू काउंटरवरून काउंटरखाली जाते, एवढंच. आणि काउंटरखालून येते ती कोणती? कटकटीची नाही येत. खिशात मावणारी, आंब्याच्या चित्राची येते.

बंदी नकोच असं नाही म्हणत मी. नववीतल्या पोराच्या हातात हे नकोच, त्यात वाद नाही. पण इंग्लंडमध्ये त्यांनी १ जून २०२५ पासून नेमकी ही फेकायची नळीच बंद केली आणि टाकी भरायची वस्तू दुकानात ठेवली, अठरा पूर्ण झालेल्यांना. आपण दोन्ही बंद केल्या आणि पोराला मिळाली ती फेकायचीच!

नळीवर लिहिलंय निकोटीन ५ टक्के. म्हणजे मिलीलिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास. मी पंधरा सिगरेटी ओढणारा घोडा १२ वर सुरू झालो होतो हो. आणि यात निकोटीन सॉल्ट असतं, घशाला ठसकाच लागत नाही. मला १२ ला खोकला यायचा, तो खोकला म्हणजे तरी कुणीतरी "अरे" म्हणत होतं. इथे पोराला कोण म्हणणार?

हे एवढं लिहून सकाळीच पोस्ट करणार होतो. मग दुपारी तो पोरगा जिन्यात बसलेला दिसला. फोन काढून घेतलेला, चप्पल पायाने पुढे-मागे करत होता. मी भाषण तयार ठेवलं होतं.

"काका, तुम्ही पण ओढायचात ना?"

"हो."

झालं, भाषण तिथेच संपलं. मग त्यानेच सांगितलं, इन्स्टावर कुणीतरी देतो, तिघांनी पैसे काढले, पहिल्यांदा मजा आली आणि आता दुसऱ्या तासाला वर्गात हात थरथरतात. नववीतलं पोर. माझा सकाळचा सगळा राग एकदम कुठे गेला कळलंच नाही. त्याच्या आईशी मी बोलणार आहे, त्याला सांगूनच, आणि डॉक्टरकडेही आम्ही बरोबर जाणार आहोत. ते ग्रुपवर येणार नाही.

"यात कॉइल असते?" त्याने विचारलं. त्याला वाटत होतं बटण नसलेली चिप वगैरे काहीतरी आहे. म्हणून त्याला वर घेऊन आलो. बाबा आता शहात्तरचे, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तोच पत्र्याचा डबा काढला, पक्कड काढली, बॅटरीला धक्का न लावता ती नळी उघडली. आत एक छोटी लिथियम बॅटरी, पिवळ्या लिक्विडने थबथबलेला कापूस आणि त्यात मुगाच्या दाण्याएवढी कॉइल. बाबांनी भिंगातून बराच वेळ बघितली.

"मशीनचं काम आहे. वेढे सरळ आहेत." मग पोराकडे वळून, "तू केलंस?"

"नाही आजोबा, विकत घेतलं."

"मग काय उपयोग."

पोरगा हसला. दिवसभरात पहिल्यांदा हसला असेल. बाबांनी डब्यातून मोटरीची उरलेली तांब्याची वायर आणि ते ३ एमएमचं बिट त्याच्या हातात दिलं. सात वेढे, एकाला एक चिकटून. पहिला प्रयत्न पुणे-सातारा. बाबा म्हणाले, परत. दुसरा पण. परत. दोघं अजून आत बसलेत, चहा गार झालाय.

कमिटीवाले काका ग्रुपवर विचारतायत, रिपोर्ट काय. मी आत्ता खाली जाऊन आलो. कुंडीत अकरा थोटकं आहेत, फोटो काढलाय, तोच टाकतोय.