झाडांना भूक नाही, ऊन लागलंय

एप्रिल संपत आला की गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो आधी काकूंनी टाकला, मग भाओजींनी. मजकूर थोडक्यात असा: उन्हाळ्यात फुलं गळतात, टोमॅटो बुडाशी काळे पडतात, वेलाला फळ धरत नाही, कारण झाडाला पोषण कमी पडतं. म्हणून एप्सम सॉल्ट, अंड्याची टरफलं आणि केळीच्या सालींचं पाणी घाला. दिवसातून तीनदा थोडं थोडं पाणी द्या. पानांवर थेंब पडू देऊ नका, ते भिंगासारखे पान जाळतात. कुंड्या उत्तरेच्या बाल्कनीत हलवा, तिथे सावली असते. शेवटी अर्थातच ‘शंभर टक्के खात्रीचा उपाय’.

टोमॅटोपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त रडारड त्याचीच असते. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रीचं एकवीस-बावीसच्या वर राहिलं की टोमॅटोचे परागकण निकामी व्हायला लागतात. फूल येतं, फळ धरत नाही, देठाशी पिवळं होऊन गळतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८-३९ अंश नेहमीचेच. शिवाय वेधशाळेचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. आपली कुंडी असते दिवसभर तापलेल्या स्लॅबवर, आणि तो स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. यात मॅग्नेशियमची कमतरता कुठे आली? एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते घालून रात्र थंड होत नाही. पिकलेले टोमॅटो लाल न होता पिवळट-नारिंगी राहतात, तेही उन्हामुळेच: तापमान तिशीच्या बरंच वर गेलं की लाल रंगाचं लायकोपिन नीट तयार होत नाही. अर्धे रंगलेले तोडून घरात ठेवले तर छान लाल होतात.

बुडाशी काळा डाग पडतो तो फळाला कॅल्शियम कमी पडल्याने, इतकं मेसेजमध्ये बरोबर आहे. पण कॅल्शियम मातीत कमी नसतं. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे हाताला लागतात. ते फळापर्यंत पोहोचतं पाण्याबरोबर, आणि कुंडी एक दिवस कोरडी ठक्क, दुसऱ्या दिवशी चिखल, असं झालं की ती वाहतूक तुटते. कॅल्शियमसाठी घातलेली टरफलं कुजायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. वर एप्सम सॉल्टचा मारा केलात, तर जादा मॅग्नेशियम मुळांशी कॅल्शियमच्याच वाटेत आडवं येतं. म्हणजे मेसेजमधला एक उपाय दुसऱ्या उपायाच्या मुळावर येतो!

केळीच्या सालींच्या पाण्याला चिलटं येतात. सालं कंपोस्टमध्ये टाका, विषय संपला.

तीनदा थोडं थोडं पाणी दिलं की वरची दोन बोटं माती ओली राहते आणि मुळं तिथेच घुटमळतात, म्हणजे नेमकी सर्वात तापणाऱ्या थरात. सकाळी एकदाच, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत द्या. कुंडी लहान असेल तर संध्याकाळी पुन्हा. दुपारी दोनला दुधीची पानं लोंबली म्हणून धावू नका. आधी मातीत बोट घालून बघा. माती ओली असेल तर सहा वाजता पानं आपोआप ताठ होतात. माती झाकायला उसाची चिपाडं उत्तम. या दिवसांत रसवंतीवाले ती आनंदाने देतात, फक्त दोन-तीन दिवस वाळवून घ्या, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते.

थेंबांच्या भिंगाची गोष्ट शाळेपासून ऐकत आलोय. हंगेरीतल्या संशोधकांनी ती तपासली आणि 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: गुळगुळीत पानावर थेंब चपटा बसतो, किरण पानावर एकवटत नाहीत. ज्या लवदार पानांवर थेंब केसांच्या टोकावर अधांतरी राहतो, तिथेच थोडा धोका. उलट पानं कधीच न भिजवण्याचा तोटा वांगी आणि भेंडीवर दिसतो. कोरड्या, धुळकट उन्हात लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, फोफावतो, आणि सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा हा त्यावरचा सर्वात स्वस्त इलाज आहे.

वेलांबद्दल मेसेज म्हणतो, फुलं गळतात म्हणजे खत द्या. काकडी, दुधी, दोडका यांना आधी नर फुलं येतात आणि ती गळायचीच असतात. उष्णतेत त्यांचं प्रमाण आणखी वाढतं. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे इवलंसं फळ असतं. ते पिवळं पडून गळलं तर परागीभवन झालेलं नाही. इथे वेळ महत्त्वाची. काकडी, कारलं, भोपळा सकाळी फुलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी. दुधीचं पांढरं फूल रात्रीच्या पतंगांसाठी असतं. सहाव्या मजल्यावर पतंग कुठून यावेत? तेव्हा दिवेलागणीला नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. सकाळच्या चहानंतर हे करायला जाल तर दुधीची फुलं मिटलेली असतील. खत जास्त झालं, विशेषतः नत्र, की नुसती पानंच वाढतात.

राहिली उत्तरेची बाल्कनी. पुण्यात 13-14 मेच्या सुमाराला शून्य सावली दिवस असतो, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे ऐन मेअखेरीस ऊन उत्तरेच्या बाल्कनीतच येतं. त्यापेक्षा निम्मं ऊन अडवणारी, पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा.

आणि मेसेजमध्ये जे अजिबात नाही, ते म्हणजे उन्हाळ्यात नीट चालणाऱ्या भाज्या. आमच्या गच्चीवर कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलावर गेली आणि पालकाने मान टाकली, पण भेंडी, गवार, लाल माठ आणि मायाळू यांनी उन्हाची पर्वा केली नाही. भेंडीला भीती केवड्याची, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणूजन्य रोगाची. तो पांढरी माशी पसरवते, म्हणून पिवळ्या शिरांचं झाड दिसताच उपटायचं. परभणी क्रांतीसारखं वाण त्यासाठीच काढलेलं आहे.

टोमॅटोची झाडं मात्र उपटू नका. पाणी आणि सावली देऊन तगवा. जूनमध्ये ढग दाटले, पारा उतरला की तीच झाडं, काही न घालता, फळ धरायला लागतात. मग पावसात करपा येतो, पण त्यासाठी वेगळा मेसेज येईलच.