पट्टीची पळणारी

"अडतीस टाक रे खाली! मोठ्यातलं! ताईंस्नी पळायला पायजेल!"

शनिवारी संध्याकाळी सात वाजता, महाद्वार रोडला लागून असलेल्या गल्लीतल्या एका दुकानात, माळ्यावरच्या पोराला ही ऑर्डर गेली. पोराने ऐकली. दुकानातल्या आठ-नऊ बायकांनी ऐकली. एका बाईबरोबर आलेला आणि आल्यापासून छताकडे बघत उभा असलेला एक नवरा होता, त्यानेही ऐकली, कारण तो आणखी वर बघायला लागला. बाहेर भडंगच्या गाडीवर चार माणसं होती, ती वळली. वारा अनुकूल असता तर अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेतही माझ्या ब्राचं माप पोचलं असतं. आज मंगळवार आहे, कान अजून गरम आहेत.

आधीची हकिगत थोडक्यात उरकते. वय ४४, रक्तातली साखर काठावर. डॉक्टर म्हणाले चाला. मैत्रीण म्हणाली, "चालून काय होतंय? पळूया की. मी पण येतो." (कोल्हापुरात बायका 'येतो-जातो'च म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.) मग रंकाळ्यावर पळणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये नाव घातलं. तिथे पहिल्या दिवशी बुटांवर पाऊण तास व्याख्यान झालं. टाच किती मिलिमीटर उंच, पाऊल आत झुकतं की बाहेर, मोजे सुती का नकोत. मग टोपी, मग पाण्यात मीठ-साखर किती. छातीबद्दल अवाक्षर नाही. सांगणारे चारही जण पुरुष होते, त्यांना बूट पुरतात.

तिसऱ्या दिवशी मला कळलं की मी एका दिशेने पळते आणि माझे काही भाग वेगळ्याच गावाला निघालेले असतात. म्हणून मी दोन्ही कोपरं छातीशी आवळून पळायला लागले. एक सर बाजूने पळता पळता म्हणाले, "हात मोकळे सोडा मॅडम, रिलॅक्स." दुसऱ्या दिवशी परत म्हणाले. काय सांगणार त्यांना? सर, हात मोकळे सोडले तर बाकीचं कोण धरणार?

घरी येऊन वाचत बसले. या अवयवात स्नायू नसतोच म्हणे. वरची कातडी आणि आतले बारीक तंतू, एवढ्यावरच सगळा डोलारा. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर रीतसर मोजमाप झालंय. पळताना वर-खाली, डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे अशी तिन्ही बाजूंनी हालचाल होते आणि तिचा आकार साधारण इंग्रजी आठसारखा होतो. मराठी ८ असता तर एका टोकाला येऊन थांबला तरी असता. इंग्रजी आठाला शेवटच नाही. ते अंतर धरलं तर माझी हाफ मॅरेथॉन केव्हाच झालेली आहे, तीही दोनदा.

मग आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप काढली. छातीच्या खाली ३४ इंच, छातीवरून ३८. फरक चार. तो फरक म्हणजे वाटी, एका इंचाला एक अक्षर: ए, बी, सी, डी. म्हणजे मी ३४ डी. आणि गेली वीस वर्षं मी वापरतेय ३८ बी. मी बँकेत काम करते, तीन वेळा मोजलं. चूक सापडली ती अशी: खालची पट्टी एका नंबराने वाढवायची आणि अक्षर एकाने उतरवायचं, की वाटी तेवढीच राहते. ३४ डी, ३६ सी, ३८ बी, तिघांची वाटी एकच. त्यामुळे 'बसतंय की' असं वाटत राहतं. ताळेबंद जुळतो, पण खातं दुसऱ्याचं. वीस वर्षं माझी पट्टी चार इंच ढिली होती आणि सगळा भार खांद्यावरचे दोन बंद ओढत होते. हे ३८ बी मला कुणी ठरवून दिलं? एका दुकानदाराने. लग्नाच्या खरेदीत. नजरेने.

म्हणून या वेळी तयारी करून गेले होते. कागदावर आकडे लिहून नेले. दुकानात शिरल्या शिरल्या पाटी: 'एकच भाव. ट्रायल नाही. माल बदलून मिळणार नाही.'

आता मला सांगा, ब्लाऊजपीसचा रंग जुळतो का बघायला दुकानदार आपण होऊन आपल्याला बाहेर उन्हात घेऊन येतो. चपला घेताना 'चालून बघा' म्हणतात. माठ वाजवून घेतो, नारळ हलवून घेतो, कलिंगडाला तर बाहेरच्या बाहेर त्रिकोणी भोकसुद्धा पाडून मिळतं. आणि जी वस्तू घालून मी रोज सकाळी हजार उड्या मारणार, ती मात्र प्रसादासारखी ओंजळ करून घ्यायची. ऑनलाइन मागवा म्हणतात. मागवलं होतं. पार्सल बँकेत आलं, आमच्या शिपायाने ते चेकबुकं समजून फोडलं. त्यावर जास्त बोलत नाही.

माळ्यावरून डबा आला. मालकाच्या पोराने तो वरच्या वर झेलला, आतला माल काढला आणि माझ्या नाकासमोर दोन्ही हातांनी ताणला. "बघा ताई, इलॅस्टिक बघा. ट्रॅक्टर वढंल." डब्यावर एक गोरी बाई मांडी घालून डोळे मिटून बसली होती. पळायच्या कपड्याच्या डब्यावर बसलेली बाई!

"३४ डी आहे का?" मी शक्य तितक्या हळू विचारलं.

"चौतीस? तुमाला?" त्याने मला पुन्हा एकदा नजरेने मोजलं. "चौतीस कालिजच्या पोरींस्नी असतंय ताई. आनि डी येतच न्हाई. बी येतं. समद्यास्नी बीच बसतंय."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या समस्त स्त्रियांचा निकाल लागला. शेजारच्या परकर बघणाऱ्या मावशींनी त्यात भर घातली: "त्या बारामतीच्या लता करे नऊवारीत पळाल्या बाई, अनवाणी, आणि जिंकल्या. त्यांना कुठं लागलं असलं काय?" मावशी, त्या नवऱ्याच्या औषधपाण्याच्या पैशासाठी पळाल्या होत्या. दुसरा इलाज नव्हता म्हणून पळाल्या. त्यांचं नाव घेऊन माझी खरेदी कशाला अडवताय? हे मी मनात म्हटलं. तोंडाने "हो ना" म्हटलं.

तेवढ्यात गल्ल्याशेजारच्या खुर्चीतला पेपर खाली आला.

पेपरामागे मालकांचे वडील होते. पांढरी टोपी, कुस्तीत मोडून वाटाण्याच्या भज्यासारखे झालेले कान आणि आवाज असा, की खासबाग मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला माईकशिवाय जावा.

"कोन पळतंय?"

"ह्या ताई, आबा."

आबांनी चष्मा वर केला. माझ्या पोटात गोळा आला, कारण मी त्यांना ओळखलं आणि त्याच क्षणी त्यांनीही मला.

"तुमी बँकेतल्या न्हवं? हयातीच्या सहीच्या?"

आबा शाळेतून पी.टी.चे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या यादीवर सही करायला आले होते. हात थरथरतो, सही जुळेना. मी तीनदा करायला लावली.

"मी जित्ता हिच्यासमोर हुबा," आबा दुकानाला उद्देशून म्हणाले, "आनि ही बाई म्हनती, जुळत न्हाई." सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी जांभळा डबा छातीशी धरून उभी होते. नियम समजावून सांगावा अशी ती वेळ नव्हती.

"किती पळताय?"

"तीन किलोमीटर."

"दम लागतोय?"

"लागतो."

"आनि हे काय दावतोय तुमास्नी?" आबांनी पोराच्या हातातला माल काठीने उचलला. अक्षरशः काठीने. "आरं, वरचे बंद काय ताणून दावतोस? खाली बग. पट्टी बग. लंगोट कशावर टिकतोय? खांद्याव? कमरंव! गाठ ढिली पडली तर पैलवान समोरच्याला बगंल का लंगोटाला? खांद्याव वजन घेतंय ते गाढव."

दुकान गप्प झालं. छताकडे बघणारा नवरा पहिल्यांदाच खाली बघायला लागला.

"पट्टीत दोन बोटं जायाला पायजेत. तीन गेली तर ढिलं. एकच गेलं तर दम कोंडतोय. आनि हात वर करून बगायचं. पट्टी वर सरकली तर ती पट्टी न्हवं, ती माळ."

मला रडावं की हसावं कळेना. दोन रात्री जागून मी जे वाचलं होतं, ते सगळं हा म्हातारा लंगोटावरून सांगत होता, आणि एक अक्षर चुकत नव्हता. आधार पट्टीच देते, बंद नाही. दोन बोटांचा नियमही तोच. शिवाय आबांना माहीत नसेल, पण मुळात ही वस्तू लंगोटाचीच लेक आहे. १९७७ साली अमेरिकेत, व्हरमाँटला, लिसा लिंडाल नावाच्या धावणाऱ्या बाईची हीच अडचण होती. तिच्या नवऱ्याने थट्टा म्हणून आपला जॉकस्ट्रॅप, म्हणजे तिकडच्या खेळाडूंचा इलॅस्टिकचा लंगोट, छातीवर चढवून दाखवला. ती आधी हसली, मग थांबली. तिची मैत्रीण पॉली स्मिथ नाटकांचे कपडे करायची, तिने दोन लंगोट एकमेकांना जोडले. हिंडा मिलर नावाची तिसरी बाई जोडीला आली आणि 'जॉगब्रा' बाजारात आला. म्हणजे तालमीतला माणूस या विषयावर बोलला तर तो त्याचा हक्कच. फक्त जरा हळू बोलला असता तर.

आणि एवढ्या लांब तरी कशाला? माझी आजी खणाची, पुढे गाठ मारायची चोळी घालायची. शेतात निघताना गाठ आवळायची, जेवल्यावर सैल करायची. त्या चोळीला नंबर नव्हता, अक्षर नव्हतं आणि माळ्यावरून कुणी ती फेकत नव्हतं. आईच्या काळात 'बॉडी' आली आणि ती दोरीवर टॉवेलखाली वाळायला लागली. तिथून पुढे ज्या वस्तूबद्दल कुणी बोलेनासं झालं, तिचं माप दुकानदाराच्या डोळ्यात गेलं.

"आत जाऊ दे त्यास्नी," आबा म्हणाले. "घालून बगू दे."

"आबा, ट्रायल न्हाई आपल्यात."

"ह्यांनी मला तीनदा सही करायला लावली. तू येकदा बगू दे."

मागच्या खोलीत खोक्यांचे ढीग, जोतिबाचा फोटो आणि कडेला टिकल्या चिकटवलेला तळहाताएवढा आरसा. ३४ डी नव्हताच. एका खोक्यात तळाशी एक ३६ सी सापडला, जाड कापडाचा, दोन वेगळ्या वाट्यांचा. हुकांच्या तीन रांगा. नवीन घेताना सगळ्यात ढिल्या हुकावर बसायला हवा, कारण इलॅस्टिक पुढे सैल पडतंच. मी सगळ्यात घट्ट हुकावर लावला आणि पुढचा विचार केला नाही.

त्या आरशात एका वेळी एकच खांदा दिसत होता. खांद्यावर बंदाचा खळगा आहे, बोट ठेवलं की बसतं त्यात. दोन वर्षं मान दुखते म्हणून मी हाडांच्या डॉक्टरांकडे जातेय. त्यांनी उशी बदलली, बँकेतली खुर्ची बदलायला सांगितली, कॉम्प्युटर वर उचलायला सांगितला. बंदाबद्दल ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. आईच्या खांद्यावरही तसेच खळगे आहेत. लहानपणी मला वाटायचं, आयांचे खांदे असेच असतात.

हात वर केले. पट्टी जागेवर. दोन बोटं गेली. मग पळून बघावं म्हणून जागच्या जागी हळूच एक उडी मारली. फळीची जमीन, धाडकन वाजली.

पडद्याबाहेरून आवाज आला, "हां! थांबू नका! जागेवर धाव! एक, दोन, एक! गुडघं वर!"

मी धावले. काय सांगू, मी खरंच धावले. चाळीस वर्षांची शाळेची सवय, पी.टी.च्या मास्तरांचा आवाज आला की पाय आपोआप उचलतात. खोकी हलली, जोतिबा हलला. आणि आणखी काही हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर मावशी कुणाला तरी म्हणत होत्या, "आत पळायल्यात त्या."

साडेआठशे रुपये दिले. पोराने वर्तमानपत्रात गुंडाळून, मग काळ्या पिशवीत घालून दिलं. एवढं सगळं झाल्यावर काळी पिशवी!

काल सोमवार. बारा वाजता, पगाराच्या गर्दीत, काठी टेकत आबा बँकेत आले. रांग मोडून थेट माझ्या काउंटरवर. पैसे काढायची स्लिप काचेखालून सरकवली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"काय मॅडम, पट्टी बसली का?"

मॅनेजर केबिनमधून डोकावले. शिपाई हसला, त्याला पार्सल आठवलं असणार. मी स्लिप उचलली, कॉम्प्युटरवरचा नमुना उघडला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून सावकाश बघितले.

"बसली, मास्तर," मी म्हटलं, "पण सही जुळत नाही. परत करा."