प्रश्नावली भाषांतरित केली की झालं?

सध्या एक दावा बराच फिरतोय: "नैराश्य सगळीकडे सारखंच. निर्वासित बायकांचं मानसिक आरोग्य तपासायचं तर प्रमाणित प्रश्नावली भाषांतरित करा आणि विचारा. संस्कृतीबिंस्कृती हे नुसते नखरे."

आधी भाषांतराचंच बघू. 1990च्या सुमारास भूतानमधून हाकललेले नेपाळीभाषक ल्होत्शांपा पूर्व नेपाळात, झापा आणि मोरंगच्या छावण्यांत आले. नेपाळीत 'मन' वेगळं, 'दिमाग' वेगळा. मनाचं दुखणं चारचौघांत बोलता येतं. दिमाग बिघडला म्हणजे माणूस वेडा आणि घराची इज्जत गेली. ब्रँडन कोर्ट आणि इयन हार्पर या संशोधकांनी 2008 साली हा फरक नीट उलगडून दाखवला. आपल्याला तो फार समजावून सांगावा लागू नये. 'मन लागत नाही' हे आपण शेजारणीला सहज सांगतो. 'डोक्यावर परिणाम झालाय' हे लग्नाच्या मुलीबद्दल कोण सांगेल? मग 'तुम्हाला मानसिक रोग आहे का?' यावर ती बाई 'नाही' म्हणाली तर ती खोटं बोलत नसते. शब्दकोशाप्रमाणे भाषांतर बिनचूक असतं, प्रश्न मात्र भलताच विचारलेला असतो.

'सगळीकडे सारखंच' यात तथ्य आहे, नाकारत नाही. याच छावण्यांतल्या छळ सोसलेल्या 526 आणि न सोसलेल्या 526 जणांची तुलना 1998 साली प्रसिद्ध झाली. आघाताची, चिंतेची, नैराश्याची लक्षणं पहिल्या गटात जास्त होती. पण सांगायची रीत सारखी नसते. नेपाळी बाई 'झमझम' होतं म्हणते, म्हणजे हातापायांना मुंग्या. ग्रामीण नेपाळात त्याचा नैराश्याशी संबंध आढळलाय. प्रश्नावलीत त्याला रकानाच नसेल तर तो त्रास नोंदवणार कुठे?

यावर लगेच ऐकू येतं, "त्यांना मनाचं कळतच नाही, अंगदुखीच सांगतात." बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांतल्या रोहिंग्या बायका 'ओशांती' म्हणतात, म्हणजे मनाची अशांती, आणि तिथल्या स्त्रियांसाठीच्या सुरक्षित जागांना 'शांतीखाना'. आणखी काय कळायचं राहिलं?

राहिले नखरे. संशोधक मार्क व्हान ओमेरेन आणि सहकाऱ्यांनी 1999 साली भूतानी निर्वासितांसाठी प्रश्न तपासायचा एक तक्ताच मांडला: प्रश्न समजतो का, विचारलेला चालतो का, लागू पडतो का. हे काम वाढवणं आहे, विज्ञान सोडणं नाही. तरी कागदावरचा प्रश्न सुधारला म्हणून भागत नाही. दुभाषा ओळखीतला पुरुष, बांबूच्या कुडापलीकडे सासू, आणि विषय अत्याचाराचा. बाई 'सगळं ठीक' म्हणते आणि नोंद होते: लक्षणं नाहीत.